हिला भोकरला उतरवा

लातुरात आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी सगळ्यांचे फोन एकामागोमाग वाजतात. आधी खालचा मजला, मग आमचा, मग वरचा. क्लासच्या दारात एक यंत्र बसवलंय. लेकरानं त्यावर अंगठा टेकवला की आईच्या फोनवर निरोप येतो, तुमचा पाल्य वर्गात पोहोचला. निरोप आला की बाया गॅलरीत येतात, एकमेकींकडं बघतात, आणि मग कुणी केर काढायला घेतं, कुणी चहा ठेवतं. मीही त्यातलीच. लेक जिना उतरून गेल्यापासून फोन वाजेपर्यंत माझ्या हातून एक काम धड होत नाही. क्लास तरी किती लांब? मधे दोन गल्ल्या आणि एक मेस. तरी तेवढ्या वेळात मी तव्यावरची पोळी करपवते आणि ती करपलेली पोळी मीच खाते.

नवरा नांदेडला असतो, रेल्वेच्या ऑफिसात. लेकीची दहावी झाली आणि आम्ही दोघी इथं रूम करून राहिलो. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या अशाच. कुणी उदगीरची, कुणी देगलूरची, कुणी परभणीची. नवरे तिकडं, आम्ही इकडं. लेकराला डॉक्टर करायचं तर आईनं आधी स्वयंपाकीण व्हायचं, मग घड्याळ व्हायचं आणि शेवटी पोलीस. मला यातलं पोलीस होणं सगळ्यात लवकर जमलं. लेकीचा फोन कुठं आहे ते माझ्या फोनवर दिसतं, तिच्या बापाच्या फोनवरही दिसतं. एक निळा ठिपका. क्लास सुटला की ठिपका हलतो, झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबतो, परत हलतो. थांबला की माझा जीव वरखाली. मग मी फोन लावते आणि विचारते, का करून राहिलीस तिथं? ती म्हणते, झेरॉक्स.

हे सगळं मी करते, आणि मी कोण? कंधारची भटकभवानी. हे नाव मला माझ्या आईनंच दिलेलं. आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं हिंडायचं, तळ्यावर म्हशींच्या मागं जायचं, माळावर सीताफळं पिकली की फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायची. घरी आलं की अव्वा विचारायची, कुठं उंडारत होतीस? मी म्हणायची, हितंच. तेवढ्या उत्तरावर तिचं भागायचं. हात धू, जेव, संपला विषय. कुणी पुढं विचारलं नाही आणि मी पुढं सांगितलं नाही. त्या ‘हितंच’मध्ये अख्खं कंधार मावायचं.

पण ते काही विशेष नव्हे. तेव्हाची सगळीच लेकरं तशी वाढली. ज्याच्या त्याच्या गप्पांत विहिरी आणि कैऱ्या असतात, ऐकून कान किटतात. मला जे आठवतं आणि आठवलं की अंगात चुळबुळ सुरू होते, ते म्हणजे गाडीत बसवून देणं.

आमच्याकडं हा शब्दच होता. लेकराला गाडीत बसवून दिलं. पाठवणं, सोबत बघणं, पोहोचवणं, सगळं त्यात आलं. माझा मामा भोकरला राहायचा. सुट्टी लागली की अव्वा मला कंधारच्या स्टँडवर न्यायची. गाडी लागली की ती आधी खिडक्यांमधून माणसं बघायची. भाजी निवडावी तशी ती बाई निवडायची. फार नटलेली नको, फार बोलकी नको, मांडीवर लेकरू असलेली तर नकोच, तिला तिचंच पुष्कळ असतं. मग एखादीला विचारायची, मावशी, कुठवर? ती नांदेड म्हणाली की काम झालं. मला तिच्या शेजारी ढकलायची. मग कंडक्टरला सांगायची, मामा, हिला नांदेडला भोकरच्या गाडीत बसवून द्या, आणि त्यांना म्हणावं हिला भोकरला उतरवा. कंडक्टर नुसती मान हलवायचा. नाव नाही, गाव नाही, काही नाही. फार तर मला विचारायचा, कुणाची गं तू? मी सांगायची, भांडेवाल्याची. बाबांचं स्टँडच्या समोर भांड्यांचं दुकान होतं, एवढी ओळख पुरायची.

मी दुसरी-तिसरीत असेन. नांदेडला तो कंडक्टर मला दंडाला धरून गर्दीतून दुसऱ्या गाडीपाशी न्यायचा आणि दुसऱ्या कंडक्टरच्या हवाली करायचा. ही भोकरची, एवढंच म्हणायचा. मी भोकरला निघालेय हे मामाला कळलेलंच नसायचं. अव्वानं पत्र टाकलं तरी ते माझ्यानंतर यायचं. मी पोहोचले की नाही हे अव्वाला कधी कळायचं, याचा मी तेव्हा विचारही केला नाही.

एकदा मला भोकरला उतरवायचं राहून गेलं. मी खिडकीला डोकं टेकून झोपलेली. गाडीत कुणाची तरी शेळी मोकळी सुटली होती म्हणे आणि त्या गोंधळात कंडक्टरच्या ध्यानात राहिलं नाही. जाग आली तर गाडी हिमायतनगरला उभी. कंडक्टर मला बघून जीभ चावून उभा राहिला. मी रडेन असं त्याला वाटलं असणार. मी रडले नाही. त्यानं मला बाकड्यावर बसवलं, कागदात भजी आणून दिली आणि म्हणाला, हीच गाडी परत जाणार हाय, कुठं जाऊ नको. मग तो जेवायला गेला. ड्रायव्हर लिंबाखाली आडवा झाला.

मी अर्थातच बाकड्यावर बसले नाही. मी स्टँडच्या मागं गेले. तिथं एक माणूस टायर खोलत होता, ते बघितलं. कासाराच्या बाईजवळ बसून सगळ्या रंगांच्या बांगड्या हाताळल्या. मग ड्रायव्हर उठला, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं मला त्याच्या सीटवर बसवलं आणि हॉर्न वाजवू दिला. भोकरला पोहोचेपर्यंत उन्हं कलली. मामी म्हणाली, आलीस होय? बरं झालं, हात धू. बस. कुणाला काही कळलं नाही. त्या दुपारी जगात मला शोधणारं कुणी नव्हतं, आणि मला काय भारी वाटत होतं ते कसं सांगू. मी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. कंधारला परत गेल्यावर अव्वालाही नाही. ती माझी होती.

लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितली. तो म्हणाला, नशीब, वाचलीस. मग लेक झाली तेव्हा तिला सांगितली, आणि नंतर किती वेळा सांगितली त्याला गणती नाही. ती जेवत नसली की हिमायतनगर, ताप आला की हिमायतनगर. सांगता सांगता मी त्यात भर घातली. शेळीच्या दोन शेळ्या झाल्या. पुढं पुढं मी गाडी थोडी चालवलीसुद्धा.

आणि त्याच लेकीला, आता सतरा वर्षांच्या, मी झेरॉक्सच्या दुकानापाशी का थांबलीस म्हणून फोन करते.

मागच्या महिन्यात क्लासची मोठी टेस्ट झाली आणि दोन दिवस सुट्टी लागली. एरवी सुट्टी लागली की आम्ही दोघी मिळून नांदेडला जातो. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली की या वेळी ती एकटी जाणार आहे. मी म्हटलं, बरं, मग पप्पाला सांगते स्टँडवर यायला. तर म्हणाली, पप्पाला सांगायचं नाही. आणि फोन रूमवर ठेवून जाणार आहे.

मी हातातला घास खाली ठेवला. मग मी जी सुरू झाले ती सगळं बोलले. दिवस बरे नाहीत. गाडी बंद पडली तर? कुणी मागं लागलं तर? पेपरात काय काय येतं, वाचतेस का? बापाला कळलं तर मला उभी चिरेल. तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ती शांतपणे भात कालवत होती. माझं बोलून झालं तेव्हा ती म्हणाली, “मम्मी, तुझी हिमायतनगरची दुपार मला तोंडपाठ हाय. मला तशी एक पाहिजे.”

मी म्हटलं, तेव्हाचे दिवस वेगळे होते.

“मग सांगत कामून होतीस?”

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.   मी ताटं उचलली, भांडी आपटली, ओटा दोनदा पुसला. ती तिच्या टेबलाशी जाऊन बसली. तिच्या पाठीकडं बघताना मला एकदम जाणवलं की गेल्या दीड वर्षात मी या पोरीची पाठच जास्त बघितली आहे. पुस्तकावर वाकलेली पाठ. ती कुठं असते हे मला मिनिटामिनिटाला माहीत असतं. ती कशी असते हे विचारलं तर मला सांगता येईना.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते. शेवटी म्हटलं, जा. पण पोहोचलीस की पप्पाच्या फोनवरून मला फोन करायचा. ती म्हणाली, करीन की. आणि मी नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही, सुट्टी लागल्याचंही नाही. सांगितलं असतं तर तो स्टँडवर अर्धा दिवस आधीच येऊन उभा राहिला असता.

सकाळी मी तिला स्टँडवर घेऊन गेले. नांदेडची गाडी लागली. आणि बघा, माणसाचा हात कसा जुन्या वाटेनं जातो. मी खिडक्यांमधून माणसं बघायला लागले. लेक म्हणाली, का बघून राहिलीस? मी म्हटलं, काही नाही. ती आत जाऊन बसली. तोवर कंडक्टर आला, अगदी पोरगेलासा. मी पुढं होऊन म्हटलं, भाऊ, हिला नांदेडला उतरवा.

त्यानं माझ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. म्हणाला, “ताई, गाडी नांदेडलाच थांबते. सगळेच उतरतात.”

आसपासची माणसं हसली. लेकीनं तोंड फिरवलं. पण मी एवढ्यावर राहते होय? तिच्या शेजारी एक वयस्कर बाई बसली होती, मांडीवर पिशवी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आमच्यातलीच दिसत होती. मी खिडकीतून विचारलं, मावशी, कुठवर? ती म्हणाली, अहमदपूर. मी म्हटलं, माझी लेक हाय, जरा लक्ष असू द्या. तिनं विचारलं, किती वर्षांची हाय? मी म्हटलं, सतरा. ती बाई माझ्याकडं न बघता लेकीला म्हणाली, “मग बाळा, तूच ध्यान ठेव. मला झोप लई लागती. अहमदपूर आलं की उठव.”

लेक म्हणाली, हाव, उठवते. आणि कितीतरी दिवसांनी मी तिला दात दाखवून हसताना बघितलं. तिनं खिडकीतून फोन माझ्या हातात दिला. गाडी गेली.

त्यानंतरच्या दुपारचं काय सांगू? रूमवर आले, बसवेना. झोपावं म्हटलं, झोप कसली. पंखा लावला, बंद केला. तिच्या टेबलावरची पुस्तकं सारखी केली, मग वाटलं ती आल्यावर रागावेल, म्हणून परत होती तशी वेडीवाकडी केली. शेवटी पिशवीत दोन्ही फोन टाकले आणि गोलाईच्या बाजारात गेले. काही घ्यायचं नव्हतं. कोथिंबीर घेतली. कोथिंबीर रूमवर होती. आता गाडी चाकूरला असेल, आता अहमदपूरला. ती मावशी उतरली असेल. शेजारची जागा रिकामी झाली, तिथं कोण बसलं असेल?

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. रविवार, म्हणून घरीच. तो मजेत होता. म्हणाला, काय, आज दोघी गोलाईत? मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाला, दाखवतंय की, लेकीचा ठिपका गोलाईत हाय, तू जवळ असशीलच. त्याच्या फोनवर लेक माझ्या शेजारी उभी होती, कोथिंबीर घेत. मी म्हटलं, हो. म्हणाला, बरं झालं, पोरीला जरा हवा लागू दे, सारखी कोंडून ठेवू नको. आणि निवांत मनानं फोन ठेवला. मला हसावं की रडावं कळेना. इकडं मी गाडीचे थांबे मोजत होते आणि त्याला तिकडं ठिपक्यानं झोपवून टाकलं होतं.

कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना. बिल्डिंगमधल्या बायांशी बोलायची सोय नव्हती, एकीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत उदगीरला कळलं असतं. मी अव्वाला फोन लावला. ती कंधारला माझ्या भावाकडं असते. दुकान भाऊ बघतो. अव्वाचे गुडघे गेलेत, कान आणि जीभ शाबूत आहेत. मी इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ विचारलं, मला गाडीत बसवून दिलं की तुला भीती वाटायची न्हाई का?

“वाटायची की,” अव्वा म्हणाली. “न वाटायला मी का दगड हाव?”

मग तिनं सांगितलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती स्टँडवर उभी राहायची. घरी आली की भाजीत मीठ दोनदा पडायचं. संध्याकाळी कंधारची गाडी नांदेडहून परत यायची आणि कंडक्टर दुकानात बाबांजवळ चहाला टेकायचा. घर दुकानाच्या मागंच, अव्वा आतल्या दाराशी येऊन उभी राहायची. तो कप तोंडाला लावायच्या आधी सांगायचा, पोरीला बसवून दिलं हं भोकरच्या गाडीत. मग ती आत जाऊन चूल पेटवायची. मला हे काही माहीत नव्हतं.  आणि मग बोलण्याच्या ओघात अव्वा म्हणाली, तू हिमायतनगरला गेली होतीस तवा तर माझ्या तोंडचं पाणीच पळालं होतं.

मी रस्त्यात थांबले. मागून ऑटोवाला ओरडला. मी म्हटलं, तुला ते माहीत हाय?

“तवाच कळलं की. भोकरच्या कंडक्टरनं नांदेडला आमच्या कंधारच्या कंडक्टरला सांगितलं. आमचा येऊन बाबांच्या पाया पडायला लागला, माफ करा म्हणून. भजी खाल्लीस, हॉर्न वाजवलास, सगळं सांगितलं त्यानं.”

“मग मला एवढी वर्षं बोलली कामून न्हाईस?”

अव्वा म्हणाली, “तू भोकरहून आलीस तवा तोंडात गुळाचा खडा लपवल्यावाणी दिसत होतीस. लई खुशीत. म्हटलं, राहू दे तिचं तिला.”

मला आधी राग आला. खरं सांगते, डोळ्यांत पाणी येण्याइतका राग आला. मी एवढी वर्षं जी माझी एकटीची म्हणून जपली ती दुपार अख्ख्या डेपोला माहीत होती. अव्वानं विचारलं, का झालं गं, आज मधेच हे का काढलंस? मग मी सगळं सांगून टाकलं, लेक, गाडी, फोन. मला वाटलं, ती आता मला झाडून काढेल. ती म्हणाली, “बसवून दिलंस ना? मग आता तूबी बस गप.” आणि तिनं फोन ठेवला. अव्वाला फोनवर फार बोललेलं आवडत नाही.

गप बसणं माझ्या रक्तात नाही. लेक पोहोचायची वेळ झाली, टळली. फोन आला नाही. मी तासभर रूममध्ये येरझाऱ्या घातल्या आणि परत स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीत विचारलं, सकाळची नांदेडची गाडी पोहोचली का? आतल्या माणसानं कुणाला तरी विचारून सांगितलं, कधीच पोहोचली, ती आता परत निघाली पण असेल. म्हणजे पोर नांदेडला उतरली होती. स्टँडवरून आमचं घर ऑटोनं पाच-दहा मिनिटांवर. मग ती होती कुठं?

आता जे सांगते ते आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी बोलत नाही. या गल्ल्यांमध्ये दर वर्षी कधी ना कधी एखादी बातमी येते. मार्क घसरले, लेकरानं जिवाचं काही करून घेतलं. त्या दिवशी सगळ्या आया आपापल्या लेकरांना गोडाचं करून घालतात आणि दाराच्या आतल्या कड्या काढून ठेवतात. बोलत कुणी नाही. स्टँडच्या त्या बाकड्यावर बसून मला तेच आठवत होतं. टेस्टचा निकाल अजून लागला नव्हता. ती म्हणाली होती की पेपर बरा गेला. बरा म्हणजे कसा? मी विचारलं होतं का? किती मार्क पडतील ते विचारलं होतं. नांदेडला गोदावरी आहे, पूल आहे. माझं डोकं तिथपर्यंत जाऊन पोहोचलं, आणि तिथून ते मागं येईना.

नवऱ्याला फोन लावायला अंगठा चार वेळा गेला आणि चार वेळा मागं आला. लावला तर तो गाव गोळा करणार. पोलीस, मित्र, ऑफिसातली माणसं. आणि ती कुठं नुसती बसलेली असेल, कुठं पाणीपुरी खात असेल, तर? तिला दिलेली एक दुपार मी तिच्या तोंडातून काढून घेतल्यासारखी होणार. आणि नाही लावला, आणि ती पाणीपुरी खात नसेल, तर? अव्वानं राहू दे म्हटलं, कारण तिला सगळं कळलेलं होतं. कंडक्टर होता, चहा होता, दुकान होतं. मला कोण होतं? तिचा फोन माझ्या पिशवीत होता. मी दिवेलागणीपर्यंतची मुदत घातली, स्वतःलाच. तोवर नाही आला तर मग काय वाटेल ते होवो, नवऱ्याला सांगायचं. आयुष्यात मी कधी कुठल्या देवाला ऊन लवकर उतरव म्हणून विनवलं नव्हतं, आणि त्याच तोंडानं उतरवू नको म्हणूनही नाही. त्या दिवशी दोन्ही केलं.

स्टँडवरचे दिवे लागले. मी नवऱ्याचा नंबर काढला आणि तेवढ्यात त्याचाच आला. त्याचा आवाज चमत्कारिक होता. म्हणाला, अगं, ही दारात उभी हाय. माझ्या फोनवर ही लातूरच्या स्टँडवर हाय आणि इथं दारात उभी हाय, हा काय प्रकार हाय? मी म्हटलं, तिला द्या.

ती आली. म्हणाली, “पोहोचले.”

मला कितीतरी विचारायचं होतं. कुठं होतीस? कुणाबरोबर होतीस? एवढा वेळ काय केलंस? माझा जीव घ्यायचा ठरवलास का?  बाजूला एक बाई लेकरू खांद्यावर टाकून गाडीमागं पळत होती, तिच्याकडं बघत मी म्हटलं, “जेवलीस का?”

“हाव.”

 तिचा श्वास ऐकू येत होता, तिच्यामागं तिच्या बापाची बडबड. ती हळूच म्हणाली, “विचारत न्हाईस?”

“न्हाई.”

“खरंच न्हाई?”

“न्हाई म्हटलं ना.”

ती मग म्हणाली, “बरं झालं. मी तुझ्यासाठी एक खोटं तयार करून ठेवलं होतं.”

ती सुट्टी संपल्यावर परत आली. मार्क बरे पडलेत. मी अजून विचारलेलं नाही, ती कुठं होती ते. ते खोटं काय होतं, तेही नाही.